न धुतलेली जर्सी

नवे सर आले त्या दिवशी प्रेमिलाने स्टोअररूमला दुसरं कुलूप लावलं. पहिलं काही वाईट नव्हतं. पण माणूस नवीन आला की कुलूपही नवीन पाहिजे, असं तिचं म्हणणं. दोन्ही किल्ल्या तिने एका काळ्या दोऱ्यात ओवल्या आणि गळ्यात घातल्या.

कॉलेजच्या क्रीडा विभागात तिची बावीस वर्षं झाली होती. मैदानावर फक्की मारायची, जाळ्या शिवायच्या, फुटबॉलमध्ये हवा भरायची आणि पोरांच्या जर्स्या धुवायच्या. कागदावर ती शिपाई होती. पोरं तिला मावशी म्हणत, आणि मावशीच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही आठवड्यात कळे.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. बारा वर्षांपूर्वी स्टोअरमधून चौदा नवे फुटबॉल गेले. तीन आठवडे सगळ्यांचा वहीम तिच्यावर होता. संध्याकाळी घरी जाताना फाटकावर तिची पिशवी उलटी करून पाहत, पोरीबाळींसमोर. शेवटी कळलं की तेव्हाच्या एका सरांनीच ते फुटबॉल मेहुण्याच्या क्लबला देऊन टाकले होते. सर बदलून गेले. तिला कोणी "चुकलं बाई" असं म्हटलं नाही. त्या दिवसापासून तिने ठरवलं, आता आपण आधी वहीम घ्यायचा, मग बाकीचं.

माहेर उमरेडचं. बापाचा हातमाग होता. सहाव्या वर्षापासून ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसे. सूत किती ओलं, किती सुकं, कुठे तुटेल, हे डोळ्यांआधी तिच्या बोटांना समजे. लग्न होऊन नागपुरात तांडापेठेत आली, तर सासरचेही माग बंद पडत आलेले. नवरा रुपराव इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात लागला आणि ती कॉलेजात. माग सुटला, पण बोटांची विद्या सुटली नाही. सराव संपल्यावर जर्स्यांचा ढीग समोर आला की कोण खरंच पळाला, कोण नुसता उभा राहिला, कोण कोणत्या अंगावर पडला, हे ती मैदानावर न जाता सांगू शके. आधीचे बाबनराव सर तिला गमतीने विचारतही, "काय वं प्रेमिला, आज कोण कामचोर होता?" आणि ती सांगे.

बाबनराव सर मोठ्या तोंडाचे, शिव्या घालणारे, पोरांना सरावानंतर स्वतः पोहे खाऊ घालणारे. ते निवृत्त झाले आणि जुलैत त्यांच्या जागी ऋषिकेश सातपुते आले. कोल्हापूरकडचे. वय बेचाळीसच्या आसपास, अंगाने वाळके, बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन वस्तू आणल्या. एक वजनकाटा आणि एक निळी वही.

सरावाआधी प्रत्येक पोरगा नुसत्या हाफपँटवर काट्यावर उभा राही. सर आकडा लिहीत. सराव झाला की अंग पुसून पुन्हा काट्यावर, पुन्हा आकडा. प्रेमिला जाळी शिवता शिवता हे पाहत होती. चौथ्या दिवशी तिच्याने राहवलं नाही. ती ऑफिसात ओमप्रकाशकडे गेली. ओमप्रकाश हेडक्लार्क, तिच्याच वेळी नोकरीला लागलेला.

"बकऱ्याच्या बाजारात तोलते तसे तोलून राहिला पोट्ट्याइले," ती म्हणाली. "काहून, सांग बरं?"

"नवीन पद्धत असंल."

"पद्धत नाई. त्या वहीत काई तरी हाय."

एकदा सर थकून बाकावर डोळे मिटून बसले असताना तिने वही उघडून पाहिली. नावं आणि आकडे. एकसष्ट पूर्णांक चार, साठ पूर्णांक दोन. समासात कुठे लाल टिंब. साहिलच्या नावापुढे सगळ्यात जास्त लाल टिंबं होती. साहिल कन्हानचा, संघाचा सगळ्यात चांगला खेळणारा, पायात चेंडू आला की सोडायचाच नाही. त्याच्यावर लाल टिंबं पाहून तिचं मन आणखी काळवंडलं.

ऑगस्टच्या शेवटी सर स्टोअरच्या दारात आले. ती जर्स्या भिजवत होती.

"मावशी, एक विचारायचं होतं. धुताना कोणाच्या जर्सीवर मिठाचे डाग जास्त दिसतात?"

तिने मान वर केली. बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी असा विचारला नव्हता. उत्तर तिला पाठ होतं. साहिलची जर्सी पिळली तर बादलीत धार लागे, वाळली तर पाठीवर पांढरे नकाशे उमटत. पण ह्या माणसाला हे कशाला हवं?

"धुतल्यावर सबन सारख्याच, सर," ती म्हणाली.

सर निघून गेले.

सप्टेंबर अर्धा झाला आणि सरांनी सरावाची वेळ बदलली. सकाळी साडेपाचऐवजी दुपारी दोन. पाऊस उघडला होता, ऊन चटकायला लागलं होतं, आणि हा माणूस पोरांना भर उन्हात मैदानावर आणत होता. पहिल्या दिवशी फक्त वीस मिनिटं, मग पंचवीस, मग अर्धा तास. मधे मधे सावलीत बसवून ते एका पिंपातून पाणी देत. त्या पाण्यात सर स्वतःच्या हाताने पांढरी भुकटी मिसळत.

प्रेमिलाने ते पाणी चाखलं. साखर, मीठ, लिंबू.

"साधं शरबत हाय ना मग?" ओमप्रकाशने विचारलं.

"चवीचं काय घेऊन बसला? काई औषधाले चवच नसते."

स्पर्धा सुरू झाली आणि संघ जिंकत गेला. तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांत आपल्या पोरांनी तीन गोल केले. समोरचे पोट्टे गुडघ्यांवर हात ठेवून उभे होते आणि आपले पळत होते. कॉलेजात पेढे वाटले. प्रेमिला पेढा हातात धरून विचार करत राहिली. बाबनराव सरांच्या काळात हेच पोट्टे सत्तराव्या मिनिटाला जीभ काढत. आता पळते कसे? ह्याने त्याइले काय पाजलं?

रविवारी तिने लेकीला समोर बसवलं. दामिनी मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होती.

"तुया मोबाईलमंदी ह्या माणसाचं नाव टाक बरं. ऋषिकेश सातपुते. फुटबॉल."

"आई, काहून लोकाइच्या मागं लागते वं?"

"टाक म्हटलं ना."

दामिनीने टाकलं. थोडा वेळ ती वर-खाली करत राहिली आणि मग तिचा अंगठा थांबला. सात वर्षांपूर्वीची बातमी होती. कुठल्याशा निवासी शाळेत फुटबॉलचा सराव चालू असताना सोळा वर्षांचा मुलगा उष्माघाताने गेला होता. प्रशिक्षकाची चौकशी सुरू, असं खाली लिहिलेलं. प्रशिक्षकाचं नाव तेच होतं.

प्रेमिलाने ती बातमी दोनदा वाचून घेतली. तिला धक्का बसला, पण खरं सांगायचं तर त्या धक्क्यात एक समाधानही होतं. पाहा, मी म्हणत होती ना!

सोमवारी दुपारपर्यंत तिने सात जणांना सांगितलं. ओमप्रकाशला, फाटकावरच्या भैय्याजी चौकीदाराला, कँटीनवाल्याला, ग्रंथालयातल्या दोघींना, कर्णधार चंदनला आणि फोनवर साहिलच्या वडिलांना. ताराचंद कन्हानकडे कोळशाच्या खाणीत कामाला होते. मुलाच्या पहिल्या वर्षी जर्सीचं माप द्यायला आले तेव्हापासून त्यांची-तिची ओळख होती.

"दादा, तुमच्या पोराले भर उन्हात पळवून राहिला," ती म्हणाली. "आणि ह्याच्या हातून एक पोट्टा आधीच गेला हाय. म्या सांगून ठेवलं, मंग नोका म्हणू का सांगतलं नाई."

"बरं केलं बाई, सांगतलं," ताराचंद म्हणाले.

उपांत्य सामना, आधीच्या सामन्यांसारखाच, शुक्रवारी दुपारी दोनला होता. समोर कामठीचं कॉलेज. कामठीची पोरं म्हणजे पायात बॉल घेऊनच जन्मलेली. मैदानाच्या कडेला विद्यापीठाच्या संघाचे निवडकर्ते वह्या घेऊन बसले होते. साहिलला हे माहीत होतं. ऑक्टोबरचं ऊन असं की बाकाच्या लोखंडाला हात लावता येईना. प्रेमिला जर्स्यांची पिशवी घेऊन बाकामागे उभी होती. ताराचंदही आले होते आणि समोरच्या बाजूला गर्दीत बसले होते.

विसाव्या मिनिटाला साहिलने दोघांना चकवून गोल केला. एक-शून्य. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात कामठीला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, साहिल ज्याला धरून उभा होता त्याच पोराने डोकं लावलं, आणि एक-एक झालं. साहिल जागेवरून हललाच नाही. तसाच उभा राहिला. चंदनने जाऊन त्याला काहीतरी म्हटलं तेव्हा तो चालायला लागला.

ऋषिकेश सर बाकावरून उठले. रेघेजवळ जाऊन ते नुसते साहिलकडे पाहत राहिले. चेंडूकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दहाएक मिनिटांनी त्यांनी पंचाला खूण केली आणि साहिलला बाहेर बोलावलं.

मैदानात एकच ओरडा झाला. बरोबरीचा सामना, वीस-पंचवीस मिनिटं बाकी, आणि गोल मारणाराच बाहेर? साहिल आला तो रागातच. त्याने जर्सी ओढून काढली आणि सरांच्या अंगावर फेकली. ती सरांना लागून प्रेमिलाच्या पायाशी पडली.

"मी ठीक आहो! मी ठीक आहो म्हणून राहिलो ना!"

सरांनी त्याला खांद्याला धरून सावलीत नेलं, जबरीने आडवं केलं, आणि बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल त्याच्या मानेवर, काखेत, मांड्यांवर ठेवायला लागले. साहिल हात झटकत होता. एकदा त्यांना लाथही बसली. सर टॉवेल बदलत राहिले. मैदानाकडे त्यांची पाठ होती. तिकडे त्र्याऐंशीव्या मिनिटाला कामठीने दुसरा गोल केला, तो त्यांनी पाहिलाच नाही.

प्रेमिलाने जर्सी उचलली, आणि तिची बोटं थांबली.

जर्सी कोरडी होती. नुसती कोरडी नाही, दोरीवर दिवसभर वाळलेल्या कपड्यासारखी, कडक आणि तापलेली. पाठीवर मीठ खरखरत होतं. जो पोरगा पाण्यासारखा घाम गाळतो, त्याच्या जर्सीत तासाभरानंतर पिळण्याइतकाही ओलावा नव्हता.

वाऱ्याने सुकली असेल, तिने मनाशी म्हटलं. पण वारा होताच कुठे?

सामना हरल्यावर, पहिल्यापासून खेळलेल्या बाकीच्या दहा जणांच्या जर्स्या आल्या. तिने त्या नळाखाली नेल्या. दहाच्या दहा चिंब होत्या, पिळल्या तर हाताला कढत पाणी लागत होतं. अकरावी तिने बादलीत टाकली नाही. घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवली. का ठेवली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

अर्ध्या-पाऊण तासात साहिल उठून बसला. चेहरा उतरला होता, पण बोलत होता. सर डॉक्टरकडे चल म्हणत होते. ताराचंदनी त्यांचा हात बाजूला केला, पोराला गाडीवर बसवलं आणि ते कन्हानला निघून गेले. त्याला काहीच झालं नाही. तेच तर सरांच्या विरोधात गेलं. जे झालंच नाही, ते टळलं हे सिद्ध कसं करायचं?

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. सरांनी हातचा सामना घालवला. निवडकर्त्यांसमोर पोराची माती केली. आणि मग हळूच, "ऐकलं ना, ह्यांच्या हातून एक पोरगा आधी गेलेला आहे." प्रेमिलाचंच वाक्य फिरून तिच्याकडे येत होतं. कँटीनमध्ये एका पोरीने तर तिलाच ते सांगितलं, आणि वर जोडलं की मुलगा एक नाही, दोन गेले होते.

"दोन कोणं सांगतलं?" प्रेमिलाने विचारलं.

"सगळेच म्हणतात, मावशी."

ताराचंदनी अर्ज दिला. त्यावर चंदनने आणि आठ खेळाडूंनी सह्या केल्या. सरांना काढा. प्राचार्यांनी सोमवारी अकराला बैठक ठेवली. ओमप्रकाश तिला सांगायला आला.

"तुमाले बी बोलावलं. तुम्हीच तं पयले सांगतलं होतं ना. जे सांगतलं तेच सांगा, बस."

रविवारी दुपारी दामिनीने पिशवीतली ती जर्सी पाहिली. "हे एकच काहून राह्यली धुवायची?"

प्रेमिलाने ती हातातून घेतली. "राहू दे."

"आई, बावीस वर्षांत तू कधी कपडा तसाच ठेवला नाई. काय झालं?"

तेव्हा प्रेमिलाने तिला बोट लावून पाहायला सांगितलं. दामिनीला काही कळलं नाही. कळणार कसं? तिने कांड्या भरल्या नव्हत्या. मग प्रेमिलाने सगळं सांगितलं. दहा ओल्या, एक कोरडी. साहिल कॉर्नरच्या वेळी कसा खांबासारखा उभा होता. दामिनीने मोबाईलवर शोधलं, वाचलं आणि म्हणाली, "उष्माघातात घाम थांबू शकते, असं लिवलं आहे. माणसाले भान राहत नाई. आई, मंग त्या सरानं त्याले वाचवलं म्हन ना."

"म्या मैदानावरच वळखलं होतं," प्रेमिला म्हणाली. "हातात घेतल्याबराबर. पण मले वाटलं, आता हा माणूस जाते. जाऊ दे."

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत ताराचंद, साहिल आणि चंदन एका बाजूला बसले होते. ऋषिकेश सर दुसऱ्या बाजूला, एकटे, मांडीवर निळी वही. प्रेमिला दाराशी उभी राहिली. ओमप्रकाशने अर्ज वाचायला घेतला.

"'...शुक्रवारच्या सामन्यात आमचा संघ एक-शून्य असा आघाडीवर असताना प्रशिक्षकांनी आकसाने माझ्या मुलास बाहेर काढले, त्यामुळे समोरच्या संघाने बरोबरी साधली व...'"

"थांब गा," प्रेमिला म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "प्रेमिलाबाई, तुमची वेळ आली की बोला."

"नाई सर, हेच विचारायचं हाय. आघाडीवर असताना? हे कोणं लिवलं?"

"म्या लिवलं," ताराचंद म्हणाले. "पोरानं सांगतलं तसं. म्या दूर बसून होतो, कोणं कवा मारला ते ध्यानात नाई राह्यलं."

प्रेमिला साहिलकडे वळली. "साहिल, बाबू, तू बाहीर आला तवा स्कोर का होता?"

"एक-शून्य. आपून जितून राहिलो होतो, मावशी. ह्यायनं काढलं म्हणून तं..."

"अबे," चंदन मधेच म्हणाला. तो खुर्चीत पुढे सरकला होता. "एक-एक होता ना बे. तुह्यासमोरच झाला तो गोल. कॉर्नर. तूच तं त्याले धरून होता."

"कोणता कॉर्नर?"

साहिल एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. आधी हसल्यासारखं, मग हळूहळू त्याचं हसू गेलं.

"मी तुले येऊन शिव्या देल्या," चंदन म्हणाला. "तू माह्याकडं पाहून राहिला होता."

"मले आठवत नाई," साहिल म्हणाला. "कॉर्नर नाई आठवत."

"आणि तू सही केली ह्या अर्जावर?" प्राचार्यांनी चंदनला विचारलं.

"वाचलं नाई सर. सगळे करून राहिले होते."

प्रेमिलाने पिशवीतून जर्सी काढली आणि ताराचंदच्या हातात दिली. "पायता का दादा, हे त्याच दिवशीची. म्या धुतली नाई. बाकीच्या दहा पिळल्या तं धार लागली. ही अशी होती, अंगातून काढल्याबराबर."

ताराचंदनी जर्सी दोन्ही हातांत धरली. पाठीवरच्या पांढऱ्या डागांवरून अंगठा फिरवला. अठ्ठावीस वर्षं ते खाणीत उतरत होते. त्यांना कोणी काही समजवायची गरज पडली नाही.

"आमच्याकडे एक जण होता," ते म्हणाले, पण कोणाला उद्देशून नाही. "तीन नंबरच्या खाणीत. घाम यायचा बंद झाला त्याचा. म्हणे, मी ठीक आहो. पायरीवर बसला तं उठलाच नाई."

मग त्यांनी जर्सी खाली ठेवली आणि मुलाचा हात धरला. लहान मुलाचा धरतात तसा, मनगटाजवळ.

ऋषिकेश सरांनी वही उघडून टेबलावर ठेवली. "मध्यंतरात मी सगळ्यांचं वजन घेतलं होतं. साहिलचं घामाने दोन किलोच्या वर उतरलं होतं. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. तो म्हणाला ठीक आहे, म्हणून अजून थोडं खेळू दिलं. ती चूक माझी आहे."

प्रेमिलाला वाटलं, आता हा माणूस गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण तो स्वतःची चूकही टेबलावर ठेवत होता.

"माहीही एक चूक हाय," ती म्हणाली. "जर्सी हातात घेतली तवाच मले समजलं होतं. तीन दिस म्या बोलली नाई. आणि ह्यायच्या आधीच्या गावची गोष्ट सगळ्या कॉलेजात म्याच सांगतली. अर्धी. मले बी अर्धीच माहीत होती."

"ती गोष्ट मी मुलाखतीत सांगितली होती," सर हळू आवाजात म्हणाले. "चौकशीचा निकालही जोडला होता."

सगळे प्राचार्यांकडे पाहायला लागले. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "ते कागदपत्रांत आहे. उगाच चर्चा नको म्हणून मीच यांना म्हटलं होतं की कोणाला सांगू नका."

प्रेमिलाला तीन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपला वहीम अगदीच खोटा नव्हता. काहीतरी लपवलेलं होतंच. लपवणारा तेवढा वेगळा निघाला.

ताराचंदनी अर्ज मागे घेतला. त्यांनी सरांशी हात मिळवला नाही, आभारही मानले नाहीत. जाताना दाराशी थांबून एवढंच विचारलं, "आता याले किती दिवस खेळू द्यायचं नाई?"

"डॉक्टर सांगतील तेवढे," सर म्हणाले. "मी दोन आठवडे धरले आहेत."

म्हणजे निवड चाचणी गेली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात साहिल बाकावर बसून होता, आणि संघ दोन-शून्य जिंकला. विद्यापीठाच्या संघात त्या वर्षी चंदन गेला. साहिल पुढच्या वर्षी गेला, पण तोवर त्याच्या खेळात थोडी सावधगिरी आली होती. कोणाला ती आवडे, कोणाला नाही.

बैठकीनंतर दोन दिवसांनी प्रेमिला वजनकाट्याजवळ सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"त्या पोराचं नाव काय होतं?"

सरांना कोणता पोरगा हे विचारावं लागलं नाही. "कुणाल. शेवटची फेरी राहिली होती. मी विचारलं, जमेल का? तो हो म्हणाला. मला तेव्हा ह्यातलं काही माहीत नव्हतं. हो म्हणणाऱ्याचं ऐकायचं, एवढंच माहीत होतं." ते वजनकाटा पुसायला लागले. "चौकशीत सुटलो मी. पण माझं मन अजून चौकशी करतंच."

"हे आधी काहून नाई सांगतलं मले? म्या इतकं बोलत फिरली."

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असता का?"

प्रेमिलाने खरं ते सांगितलं. "नाई."

मग ती निघाली. ज्या सात जणांना तिने ती गोष्ट सांगितली होती, त्यांतले ताराचंद आणि चंदन बैठकीतच होते. उरलेल्या पाच जणांकडे ती एकेक करून गेली. ओमप्रकाशने बैठकीत ऐकलंच होतं, तरी तिने त्याला पुन्हा ऐकवलं. ग्रंथालयातल्या एकीने डोळे पुसले. दुसरी म्हणाली, बरं झालं बाई कळलं, आणि पुस्तकांवर शिक्के मारायला लागली. कँटीनवाल्याने ऐकलं की नाही, समजलं नाही.

शेवटी ती फाटकावर भैय्याजीकडे आली. तो खुर्चीवर टेकून दुपारचं ऊन अंगावर घेत बसला होता. तिने सगळं सांगितलं. जर्सी, कॉर्नर, कुणाल, चौकशीचा निकाल. भैय्याजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ते सबन ठीक हाय मावशी," तो म्हणाला. "पण माणसानं काई केलंच नसंल तं चौकशी काहून होते? काई तरी असंलच ना."

तोंड त्याचं होतं, पण वाक्य प्रेमिलाच्या ओळखीचं होतं. तिला राग आला, पण तो भैय्याजीचा नव्हता. बस यायला अजून वेळ होता. तिने पिशवी खाली ठेवली, बाजूच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "ऐक गा, आता पयल्यापासून सांगते."